२५२० एकमेव नाही

‘१ ते १० सर्वांनी भाग जाणारी एकमेव संख्या २५२०’ हा फॉरवर्ड चुकीचा आहे. ५०४० किंवा ७५६० भागून बघा. २५२० ची प्रत्येक पट चालते. २५२० ही फक्त त्यातली सर्वांत लहान, म्हणजे शाळेतला लसावि. ८ साठी २×२×२, ९ साठी ३×३, शिवाय ५ आणि ७ घेतले की झालं. ६ आणि १० त्यातच येतात. सरसकट १ ते १० गुणलेत तर ३६२८८०० येतात, कारण २, ३ आणि ५ विनाकारण पुन्हापुन्हा मोजले जातात.

फॉरवर्डमधला ‘७ वार × ३० दिवस × १२ महिने = २५२०’ हा गुणाकार बरोबर आहे, पण गूढ काही नाही: ३०×१२ मध्ये तेच २×२×२×३×३×५ आहेत, ७ वाराचा. आणि २५२० ला ११ ने भागताच बाकी १ उरते.