नेत्रचिकित्सालयाचे संगणकीय व्यवस्थापन

नेत्रतज्ज्ञाच्या दवाखान्यातील नावनोंदणी, तपासण्या, यंत्रांवरील मोजमापे, शस्त्रक्रियांच्या तारखा, बिले आणि चष्म्याच्या दुकानातील फ्रेमांचा साठा एकाच संगणकप्रणालीत सांभाळण्याची पद्धत.

सर्वसाधारण दवाखान्याचे सॉफ्टवेअर इथे तोकडे पडते. दृष्टी, चष्म्याचा नंबर, डोळ्याचा दाब हे सारे उजव्या आणि डाव्या डोळ्यासाठी वेगळे नोंदवावे लागते. ओपीडीची रांगही सरळ नसते. आधी ऑप्टोमेट्रिस्ट नंबर काढतो, मग बाहुली मोठी करण्यासाठी ड्रॉप्स टाकतात आणि रुग्ण अर्धा तास बाकावर बसतो. तेवढ्यात मागचे चारजण आत जाऊन येतात. त्यामुळे ड्रॉप्स कोणाला, कधी टाकले हे पडद्यावर दिसले नाही, तर टोकन नंबर निरुपयोगी ठरतो आणि भांडणे स्वागतकक्षात होतात.

खरा फायदा तपासणीची यंत्रे प्रणालीला थेट जोडण्यात आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवायच्या भिंगाची पॉवर नेत्रगोलाच्या लांबीवरून काढतात. ही लांबी सरासरी २३.५ मिलिमीटरच्या आसपास असते. हाताने उतरवताना २३.२ चे २२.२ झाले, तर पॉवर सुमारे अडीच डायॉप्टरने (डायॉप्टर हे भिंगाच्या पॉवरचे एकक) जास्त येते आणि शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही रुग्णाला दूरचे धूसर दिसते. काचबिंदूत दाबाचा अनेक वर्षांचा आलेख एका नजरेत दिसणे मोलाचे. जाड केसपेपरात तो शोधावा लागतो. दृष्टिपटलाचे चित्र काढणे मात्र माउसने जमत नाही. कित्येक डॉक्टर ते आजही कागदावर रंगीत पेन्सिलीने काढून स्कॅन करतात, आणि त्यात काही गैर नाही.

भारतात हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने ‘आयस्मार्ट’ ही स्वतःची प्रणाली घडवली. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाच्या ग्रामीण दृष्टिकेंद्रांत तंत्रज्ञ तपासणी करून नोंदी भरतात आणि दूरच्या रुग्णालयातील डॉक्टर त्या पाहून व्हिडिओवरून रुग्णाशी बोलतात. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील १४ अंकी ‘आभा’ या आरोग्य खाते क्रमांकाशीही अशा नोंदी जोडता येतात.

वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या, म्हणजे दाखल झालेल्या रुग्णांच्या, नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात आणि मागितल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. काचबिंदूच्या रुग्णाला तीन वर्षे अगदीच अपुरी. म्हणून प्रणाली विकत घेतानाच जुन्या नोंदी व प्रतिमा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येतील का, हे लेखी विचारून घेतात.