अपीलयोग्यता प्रमाणपत्र (अमेरिकी कायदा)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत संघीय जिल्हा न्यायालयाने कैद्याचा हेबिअस कॉर्पसचा (देहोपस्थितीचा) अर्ज फेटाळल्यावर सर्किट (म्हणजे विभागीय संघीय) अपील न्यायालयात दाद मागण्यासाठी लागणारी न्यायालयीन परवानगी. मूळ संज्ञा ‘सर्टिफिकेट ऑफ अपीलेबिलिटी’. भारतात देहोपस्थितीचा अर्ज मुख्यतः बेकायदा अटक किंवा स्थानबद्धतेविरुद्ध केला जातो. अमेरिकेत घटकराज्याच्या न्यायालयांतील उपाय संपल्यावर दोषसिद्धीची घटनात्मकता तपासून घेण्यासाठीही तो वापरतात. प्रस्तुत प्रमाणपत्राचा संबंध या दुसऱ्या वापराशी आहे.

घटकराज्यांच्या कैद्यांना संघीय न्यायालयाचे दार सर्वसाधारणपणे खुले झाले ते १८६७ च्या कायद्याने. त्याची व्याप्ती मुळात किती होती, यावर दोन मते आहेत. पॉल बेटर (१९६३) यांच्या मते पूर्वी प्रामुख्याने शिक्षा देणाऱ्या न्यायालयाला अधिकारिता होती की नव्हती एवढेच पाहिले जाई. गॅरी पेलर (१९८२) यांच्या मते संघीय हक्कांचे प्रश्न नव्याने तपासले जावेत, हाच कायद्याचा रोख होता. संविधान, तह किंवा कायदा यांच्या उल्लंघनाने स्वातंत्र्य हिरावले गेलेली ‘कोणतीही व्यक्ती’ ही कायद्याची शब्दयोजना दुसऱ्या मताला अधिक जवळची दिसते. तथापि त्या वेळची संसदीय चर्चा त्रोटक असल्याने निर्णायक विधान करणे कठीण आहे.

प्रमाणपत्राची अट १९०८ पासूनची. निराधार अपिले करून देहदंडाची अंमलबजावणी लांबवली जाते, ही तक्रार तिच्यामागे होती असे सामान्यतः मानतात. त्या वेळी तिचे नाव ‘संभाव्य कारणाचे प्रमाणपत्र’ असे होते आणि ती फक्त घटकराज्यांच्या कैद्यांना लागू होती. संघीय न्यायालयाने शिक्षा दिलेले कैदी तिच्या कक्षेत आले ते दहशतवादविरोध आणि परिणामकारक देहदंड यांविषयीच्या १९९६ च्या कायद्याने. सध्याचे नावही त्याच कायद्याचे. संविधानाने दिलेला हक्क नाकारला गेल्याचे ‘भरीव दर्शन’ घडवणे, म्हणजे दावा निदान वादग्रस्त ठरण्याजोगा आहे असे दाखवणे, ही प्रमाणपत्राची कसोटी. सर्वोच्च न्यायालयाने बेअरफूट खटल्यात (१९८३) जुन्या प्रमाणपत्रासाठी सांगितलेल्या कसोटीत ‘संघीय हक्क’ असा शब्द होता, त्या जागी ‘घटनात्मक हक्क’ आला. बाकी कसोटी जुनीच राहिली, असे स्लॅक खटल्यात (२०००) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. अर्ज मुदत किंवा तत्सम कार्यपद्धतीच्या कारणावरून फेटाळला असेल, तर घटनात्मक दावा आणि ते कारण हे दोन्ही मुद्दे सुज्ञ विधिज्ञांत वादग्रस्त ठरण्याजोगे आहेत असे दाखवावे लागते.

प्रमाणपत्र कोणी द्यायचे, याचाही घोळ झाला. १९९६ च्या मजकुरात ‘सर्किट जस्टिस ऑर जज’ (सर्किटसाठी नेमलेला सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती किंवा न्यायाधीश) असे शब्द आहेत. त्यातील ‘सर्किट’ हे विशेषण दोन्ही नामांना लावायचे, तर जिल्हा न्यायाधीश वगळला जातो. अपील कार्यपद्धतीच्या नियम २२ मध्ये मात्र तो स्पष्टपणे अभिप्रेत होता. अपील न्यायालयांनी नियमाच्या बाजूने कौल दिला, आणि २००९ पासून तर प्रतिकूल अंतिम आदेश देतानाच प्रमाणपत्राचा निर्णय करणे जिल्हा न्यायाधीशावर बंधनकारक आहे. अपील न्यायालयाने नकार दिल्यास सर्वोच्च न्यायालयाला तो तपासता येतो, हे होन खटल्यात (१९९८) पाच विरुद्ध चार मतांनी ठरले. त्यासाठी १९४५ चा स्वतःचाच निर्णय न्यायालयाने रद्दबातल केला.

या टप्प्यावर गुणावगुणांचा पूर्ण निवाडा करायचा नसतो, हे मिलर-एल (२००३) आणि बक (२०१७) या टेक्सासमधील देहदंडाच्या खटल्यांत सांगावे लागले. आधी निवाडा करून मग त्या आधारे प्रमाणपत्र नाकारणे, हा क्रमच उलटा आहे, असे बक निर्णय म्हणतो. एकच तत्त्व चौदा वर्षांनी पुन्हा सांगावे लागले, यावरून खालच्या न्यायालयांतील व्यवहाराची कल्पना येते. मिलर-एल याला प्रमाणपत्र मिळाले आणि २००५ मध्ये, वंशाच्या आधारे संभाव्य ज्युरी सदस्य वगळल्याच्या मुद्द्यावर, त्याचा दावाही मान्य झाला.

घटकराज्याच्या कैद्याला अपिलाची नोटीस तीस दिवसांत द्यावी लागते. संघीय शिक्षेला आव्हान देणाऱ्यास साठ दिवस मिळतात. वकील नसलेल्या कैद्याने नोटीस तुरुंगाधिकाऱ्यांकडे सोपवली की ती दाखल झाली असे धरतात (हूस्टन खटला, १९८८). त्या खटल्यात ती मुदतीपूर्वी तीन दिवस तुरुंगात दिलेली असूनही न्यायालयात एक दिवस उशिरा नोंदली गेली होती. कैद्याच्या बाजूने निकाल लागल्यास अपील करणाऱ्या घटकराज्याला किंवा संघसरकारला प्रमाणपत्र लागत नाही.