सेशन हॉर्नवादक (रॉक संगीत)

बँडचा सदस्य नसताना ध्वनिमुद्रणासाठी किंवा दौऱ्यासाठी मानधनावर बोलावला जाणारा सॅक्सोफोन, ट्रम्पेट अथवा ट्रॉम्बोन या फुंकून वाजवायच्या वाद्यांचा (‘हॉर्न’चा) वादक. १९६० व १९७० च्या दशकांत अमेरिका आणि ब्रिटनमध्ये हा व्यवसाय भरभराटीला आला.

गिटार, बास व ड्रम यांचे मुद्रण बहुधा आधी होई आणि हॉर्नचे सूर त्यावर मागाहून चढवले जात. अनेकदा समोर स्वरलिपी नसे. अमेरिकेतील मेंफिस शहराच्या स्टॅक्स स्टुडिओत सोल गायक ओटिस रेडिंग हॉर्नच्या ओळी स्वतः गाऊन दाखवत आणि वादक त्या जागच्या जागी उचलत. गायकाची ओळ संपताच नेमके शिरायचे आणि पुढचा शब्द येण्याआधी वाट मोकळी करायची, हे या कामातले खरे कसब. त्याच स्टुडिओत तयार झालेले वेन जॅक्सन (ट्रम्पेट) व अँड्र्यू लव्ह (टेनर सॅक्सोफोन) पुढे ‘मेंफिस हॉर्न्स’ या नावाने अनेक रॉक कलावंतांसाठी वाजवू लागले. २०१२ मध्ये त्यांना ग्रॅमीचा जीवनगौरव पुरस्कार मिळाला.

या पेशाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे टेक्ससचे सॅक्सोफोनवादक बॉबी कीज (१९४३–२०१४). १९७० मध्ये ते ट्रम्पेटवादक जिम प्राइस यांच्यासह ब्रिटिश गायक जो कॉकर यांच्या दौऱ्यात होते. त्याच वर्षी ‘बीटल्स’चे गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांच्या अल्बमवरही दोघांनी वाजवले. ‘रोलिंग स्टोन्स’ या ब्रिटिश बँडच्या ‘ब्राउन शुगर’ या गाण्याचे (१९७१) मूळ मुद्रण अलाबामातील मसल शोल्सचे, कीज यांचा सॅक्सोफोन त्यात नंतर आला आणि आज त्यावाचून ते गाणे आठवतच नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या जॉन लेनन यांच्या ‘व्हॉटएव्हर गेट्स यू थ्रू द नाइट’मध्येही तेच वाजतात. १९७३ चा स्टोन्सचा युरोप दौरा त्यांनी अर्धवट सोडला. १९८० च्या दशकात ते परतले आणि मृत्यूपर्यंत त्या बँडबरोबर वाजवत राहिले, पण सदस्य कधीच झाले नाहीत.

मोबदल्याची बाजू मात्र अन्यायाची आहे. सेशनचे मानधन ठरावीक असते. गीतलेखनाची रॉयल्टी ज्याचे नाव रचनाकार म्हणून नोंदले जाते त्याला मिळते, मग श्रोता गुणगुणतो ती ओळ हॉर्नची का असेना. गायक जेरी रॅफर्टी यांच्या ‘बेकर स्ट्रीट’ या गाण्याची (१९७८) ओळख असलेली सॅक्सोफोनची धून राफेल रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी वाजवली. तिच्यासाठी त्यांना २७ पाउंडांचा धनादेश मिळाल्याचे सांगितले जाते.