पार्श्वभूमी : साताऱ्याचे ‘बोर्डिंग’ आणि फीमधले पंधरा टक्के

सातारा जिल्ह्यात ‘पोराला बोर्डिंगात ठेवलंय’ या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. आजोबांच्या तोंडी बोर्डिंग म्हणजे धनिणीच्या बागेतले. कर्मवीर भाऊराव पाटील, म्हणजे अण्णांनी, 1924 साली सुरू केलेले, 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते नामकरण झालेले, सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे. ते चालले लोकांनी दिलेल्या धान्यावर आणि अडचण आली तेव्हा अण्णांच्या पत्नी रयतमाउली लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्रावर. नातवाच्या तोंडी बोर्डिंग म्हणजे पसरणीचा घाट चढून गेल्यावर लागते ते, पाचगणीचे. तिथल्या पहिल्या शाळा 1890 च्या दशकातल्या. थंड हवेमुळे आधी गोऱ्या कुटुंबांनी आपली मुले तिथे ठेवली, पुढे मुंबईच्या पारशी आणि व्यापारी घरांनी. वाईकरांना त्या हाकेच्या अंतरावर होत्या, पण कित्येक दशके त्यांच्यासाठी नव्हत्या.

1961 साली देशातले पहिले सैनिक स्कूल साताऱ्यात निघाले. तिथे निवड पालक करत नाहीत, प्रवेश परीक्षा करते, त्यामुळे त्याचा विचार वेगळा.

पैसे मोजून निवासी शाळा निवडणे ही आपल्याकडच्या साध्या घरांची गोष्ट झाली ती गेल्या तीसेक वर्षांत. शेजारच्या सांगली जिल्ह्यातले विटा-आटपाडीकडचे गलाई बांधव, म्हणजे सोने-चांदी गाळण्याचा धंदा करणारे, देशभर पांगलेले. मुलगा तिकडच्या भाषेत शिकवायचा की आजीजवळ ठेवायचा, यातून सुटका म्हणून निवासी शाळा आली. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला इंग्रजी माध्यम हवे होते, पण रोज तीस किलोमीटर बस नको होती. या घरांत महिन्याचा पगार नसतो. बागेचे पैसे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये हातात येतात, उसाचे बिल तुकड्या-तुकड्यांनी येते, आणि शाळेचा मोठा हप्ता जूनच्या आत भरायचा असतो. व्यापारी पैसे बुडवून गेला, की त्या वर्षीचा पहिला हप्ता कर्जाचा होतो. कायदा करताना या वेळापत्रकाचा विचार कोणी केला नाही.

कायदा म्हणजे मुख्यतः शाळांच्या फीवर नियंत्रण ठेवणारा महाराष्ट्राचा 2011 चा शुल्क विनियमन कायदा, जो प्रत्यक्षात 2014 मध्ये लागू झाला. देणगीबंदीचा 1987 चा कायदा आधी होताच, पण त्याचा भर देणगी रोखण्यावर. नव्या कायद्याने शिकवणी शुल्काबरोबर वसतिगृह आणि खानावळीचे पैसेही ‘फी’ या शब्दात घेतले, आणि निवासी शाळांच्या पालकांसाठी हेच सर्वांत महत्त्वाचे आहे. माहितीपत्रकातला आकडा आणि वर्षअखेर खिशातून गेलेला आकडा यांत अंतर पडते ते गणवेश, धुलाई, सहल, औषधपाणी आणि ‘इम्प्रेस्ट’ म्हणून आगाऊ ठेवून घेतलेल्या रकमेमुळे. अनामत परत कधी आणि कशी मिळणार हे लेखी घेणारे पालक थोडे.

आता पंधरा टक्क्यांबद्दल, कारण या आकड्याने जेवढा घोळ घातला तेवढा दुसऱ्या कशाने घातला नाही. ‘शाळेला दर दोन वर्षांनी पंधरा टक्के वाढ करता येते’ असे पालकही म्हणतात आणि कार्यालयातही ऐकवले जाते. कायद्यातला पंधरा टक्क्यांचा उल्लेख वेगळ्या गोष्टीचा आहे. व्यवस्थापनाने शैक्षणिक वर्षाच्या किमान सहा महिने आधी फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा. समितीचा आकडा आणि व्यवस्थापनाचा आकडा यांत पंधरा टक्क्यांहून जास्त तफावत राहिली, तर वाद सरकारच्या विभागीय शुल्क नियामक समितीकडे जायचा. ठरलेली फी दोन वर्षे बांधील. म्हणजे तो वाद कुठे न्यायचा हे ठरवणारा उंबरठा होता. बोलण्यात त्याची हक्काची वाढ झाली, आणि माझ्या मते यात पालकांचेच नुकसान झाले, कारण प्रस्ताव मागण्याआधीच त्यांनी वाढ मनातून मान्य करून टाकली.

त्यात कोरोनाचे 2021 आले. राजस्थानच्या शाळांविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात फीमध्ये पंधरा टक्के कपात सांगितली, आणि 12 ऑगस्टला महाराष्ट्रानेही तसाच आदेश काढला. काही शाळा त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. आधीचे पंधरा टक्के चढणारे समजले गेले होते, आता हे उतरणारे आले. कपातीमागचा विचार बंद वर्ग, न वापरलेली प्रयोगशाळा, वाचलेली वीज असा होता. निवासी शाळेतल्या मुलाने वर्षभर शाळेचे ताटही घेतले नव्हते, खाटही वापरली नव्हती; तिथे पंधरा टक्के हा आकडा फारच तोकडा होता. उलट स्वयंपाकी आणि रखवालदार ठेवायलाच लागले, ही शाळांची बाजूही खोटी नव्हती.

2018 च्या दुरुस्तीने विभागीय समितीकडे तक्रार करायला 25 टक्के पालकांची अट घातली. शहरातल्या शाळेच्या फाटकाशी संध्याकाळी तेवढे पालक जमतात. पाचगणीच्या शाळेचे पालक एक कोइमतूरला, एक सुरतेत, एक कवठेमहांकाळला. कार्यकारी समितीत चिठ्ठी टाकून नाव निघते. ज्याचे निघाले तो सभेला येईलच असे नाही. पालक भेटतात ते दिवाळीच्या सुट्टीला मुले न्यायला येतात तेव्हा, बॅगा गाडीत भरता भरता. त्या वेळी पुढच्या जूनचा प्रस्ताव समितीपुढे यायचा असतो, आणि तो मागून बघायला हाच काय तो मोका असतो.

आयकराच्या जुन्या पद्धतीत वजावट मिळते ती फक्त शिकवणी शुल्काची, राहण्या-खाण्याची नाही. नोकरदारांना वसतिगृह भत्त्यावर मिळणारी सूट तर कित्येक वर्षे महिना 300 रुपयांवरच अडकून राहिली. म्हणून पावती घेताना एकच ठोक रक्कम न लिहिता शिकवणी, निवास आणि भोजन वेगळे लिहून मागावे.