बॅटचा नंबर, बॅटचं वजन अन् पोराचं मनगट

सोयाबीन निघाली, वावर मोकळं झालं की आपल्याकडे क्रिकेटचा खरा सीझन सुरू होतो. बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या स्पोर्ट्सच्या दुकानात बाप अन् पोरगं उभं असते, पोरगं सहावीत, अन् बाप दुकानदाराला सांगतो की भाऊ थोडी मोठीच द्या, वाढत्या अंगाचं पोरगं आहे, दोन वर्षं तरी पुरली पाहिजे. दुकानदार काढून देतो, त्याचं काय जाते. मग ते पोरगं दोन वर्षं आडव्या बॅटनं खेळते आणि गावातले सगळे म्हणतात का याला सरळ खेळताच येत नाही बा.

त्याला येते, बॅट येऊ देत नाही. काहून, ते सांगतो.

आधी नंबरचं निपटवून टाकू. पोरांच्या बॅटी १ पासून ६ नंबरपर्यंत, त्यानंतर हॅरो, मग शॉर्ट हँडल म्हणजे जिला आपण फुल साइज म्हणतो, अन् तिच्या वर लाँग हँडल. उंची पावणेपाच ते पाच फूट असेल तर ४ नंबर, सव्वापाचपर्यंत ५, साडेपाचपर्यंत ६, तिथून पुढं दोन-तीन इंच हॅरो, अन् पाच फूट नऊच्या आसपास फुल साइज सुरू होते ती सहा-दोनपर्यंत चालते. हे सगळं साधारण आहे, प्रत्येक कंपनीचा तक्ता इंच-दीड इंच इकडं-तिकडं असतोच. पण यात एक गंमत बघा, आपल्याकडे साडेपाच फुटाचा गडी अगदी कॉमन, अन् तक्त्याप्रमाणे तो ६ नंबर किंवा हॅरोमध्ये बसतो, तरी गावात हॅरो बॅट शोधून सापडत नाही कारण मिशा फुटल्या की फुल साइजच घ्यायची असा रिवाज आहे. मोठ्या माणसाच्या अंगात ताकद असते म्हणून त्याचं निभते. पोराचं निभत नाही.

नियमाचं म्हणाल तर बॅटची लांबी ३८ इंचावर नको अन् रुंदी सव्वाचार इंचावर नको. रुंदीची भानगड लय जुनी आहे, १७७१ साली इंग्लंडात एक जण अख्खी विकेट झाकेल एवढी रुंद बॅट घेऊन उतरला होता, समोरची टीम भडकली अन् तेव्हापासून हे सव्वाचार इंच आहे ते आहे. २०१७ च्या ऑक्टोबरपासून जाडीलाही लगाम लागला, कड ४० मिलिमीटर अन् पोट म्हणजे पात्याची सगळ्यात जास्त जाडी ६७ मिलिमीटर, त्याच्या वर नाही. वजनावर मात्र आजही काहीच बंधन नाही, पाहिजे तर पाच किलोची आणा.

अन् खरा घोळ वजनातच आहे. दुकानात फुल साइज बॅट बहुतेक ११०० ते १२५० ग्रॅमची असते, दुकानदार काट्यावर ठेवून दाखवतो, अकराशे पन्नास आहे बघा, हलकी आहे. पण काटा फक्त किती वजन आहे ते सांगतो, कुठं आहे ते सांगत नाही. कुऱ्हाड पात्याजवळ धरून हलवून बघा अन् मग तीच दांड्याच्या टोकाला धरून हलवा. वजन तेच, पण दुसऱ्या वेळी मनगट बोंबलते. काहून की फिरवताना जे जड लागते ते अंतराच्या वर्गाच्या हिशेबात लागते, हातापासून अंतर दुप्पट झालं तर चौपट, तिप्पट झालं तर नऊपट. फिजिक्सच्या पुस्तकात याला जडत्व आघूर्ण म्हणतात, मैदानावर पोट्टे पिकअप म्हणतात.

म्हणजे असं की हातापासून २५ सेंटिमीटरवर, बॅटच्या खांद्याजवळ म्हणजे पातं सुरू होते तिथं, ५० ग्रॅम लाकूड जास्त असलं काय अन् नसलं काय, कळणारही नाही. तेच ५० ग्रॅम खाली टोजवळ, म्हणजे पात्याच्या खालच्या टोकाजवळ, ७५ सेंटिमीटरवर असेल तर फिरवताना नऊपट भारी पडते. उलटही खरं आहे. हँडलवर दुसरी रबर ग्रिप चढवली तर काट्यावर बॅट जड होते पण हातात जड लागत नाही, कधी कधी तर हलकी वाटते, कारण ते वजन हाताखालीच बसलं अन् बॅटचा तोल थोडा वर सरकला.

आता सहावीतलं पोरगं घ्या. त्याला ४ नंबर पाहिजे अन् तुम्ही ६ नंबर दिली. बॅट वजनानं थोडी जास्त, लांबीनं थोडी जास्त, पण दोन्ही थोडे एकमेकांत गुणले जातात अन् लांबीचा थोडा तर दोनदा गुणला जातो. बॉल येईपर्यंत बॅट खाली येतच नाही. मग पोरगं शरीराच्या हिशेबानं जुगाड करते, वरच्या हातानं उचलत नाही म्हणून खालच्या हातानं ओढते, खालचा हात ओढला की बॅट लेगला आडवी जाते. लांब हँडल पोटाला अडते म्हणून कोपर बाहेर काढून उभं राहते. कोच असेल तर ओरडतो की कोपर आत घे, बॅट सरळ आण. घेईल कुठून.

काही पोट्टे आपोआपच हँडल खाली, पात्याला चिकटून धरतात. त्यात चूक नाही, ते कुऱ्हाडीचंच गणित करून राहिले. फक्त मग वरचा दांडा हाताला ठोसतो अन् खुलून मारता येत नाही.

मोठ्या पोट्ट्यांचा वाद वेगळा असतो, की जड बॅटनं सिक्स दूर जातो का. सचिन तीन पौंडाच्या वरची म्हणजे १३६० ग्रॅमच्या वरची बॅट वापरायचा, उंची पाच-पाच, हे उदाहरण प्रत्येक गावात कोणीतरी देतेच. त्याचं मनगट अन् त्याची प्रॅक्टिस सोबत येत असेल तर जरूर घ्या. बाकीच्यांसाठी हिशेब असा आहे. सीझन बॉल म्हणजे कडक लेदरचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे ११०० ग्रॅमची बॅट त्याच्या सातपट. साधा टेनिस बॉल ५८ ग्रॅमच्या आसपास, तिथं तीच बॅट १९ पट. समोरची वस्तू आधीच इतकी हलकी असेल तर बॅटमध्ये अजून शंभर ग्रॅम घालून बॉलच्या वेगात फार फरक पडत नाही. फरक पडतो तो बॅटच्या वेगानं, अन् जड बॅट तेवढ्या वेगानं फिरत नाही. म्हणून टेनिसवर खेळणाऱ्यानं हलक्या पिकअपची घ्यावी असं माझं सरळ मत आहे. आपल्या टुर्नामेंटमधला हेवी टेनिस या दोघांच्या मधला, तिथंही गणिताची दिशा तीच. मात्र टेनिसची ही हलकी, मागून कोरलेली बॅट घेऊन सीझन बॉलच्या सिलेक्शनला जाऊ नका. विदर्भानं २०१७-१८ ला पहिल्यांदा रणजी मारली तेव्हापासून तालुक्यातल्या पोट्ट्यांनाही सीझनची हौस आली आहे, चांगलंच आहे, पण दीडशे ग्रॅमच्या वरचा कडक बॉल टेनिसच्या बॅटचे दोन तुकडे करू शकतो.

स्ट्रोक, म्हणजे बॉल सगळ्यात चांगला लागते ती पात्यावरची जागा, कुठं आहे ते घरी काढायचं असेल तर एक प्रयोग आहे, खर्च शून्य. बॅटचं हँडल जिथं वरचा हात येतो तिथं अंगठा अन् बोटाच्या चिमटीत ढिलं धरा, बॅट खाली लटकू द्या. शेजारी दोस्तानं सुतळीला एक नट बांधून धरायचा. दोघांनी एकदम थोडासाच झोका द्यायचा. फुल साइज बॅटचा एक येणं-जाणं मिळून झोका दीड सेकंदाच्या आसपास असतो. नट आधी परत आला तर सुतळी वाढवा, मागं पडला तर कमी करा, असं करत करत दोघं एका तालात झुलायला लागले की थांबा. आता चिमटीपासून नटाच्या मध्यापर्यंतची सुतळी बॅटवर लावा, चिमटीच्याच जागेपासून खाली. जिथं टोक येईल तिथं खडूनं रेघ मारा. बॉल त्या रेघेवर लागला तर चिमटीच्या जागी झटका बसत नाही. ती रेघ टोपासून सहा-सात इंचावर येते, कमी-जास्त होईल. तिच्या आसपासच अजून एक जागा असते जिथं बॅट थरथरत नाही, ती जुना बॉल हळू ठोकत गेलं की आवाजावरून अन् हाताला कळते. दोन्ही मिळून तो आपला स्ट्रोक. टेनिस बॉलवर यॉर्कर अन् खालचे बॉल जास्त पडतात म्हणून त्या बॅटींचं मीट म्हणजे जाड लाकूड खाली ठेवतात, स्ट्रोक खाली सरकतो, पण पिकअप जड होतो. फुकट काहीच मिळत नाही.

दुकानात एवढं झुलवत बसता येणार नाही. तिथं पोराला स्टान्समध्ये उभं करा, बॅट पायाच्या अंगठ्याशी टेकवा, हँडलचं टोक जांघेच्या आसपास आलं पाहिजे, बेंबीकडं चाललं तर लांब आहे. मग फक्त वरच्या हातानं, उजव्या पोराच्या डाव्या हातानं, बॅट समोर आडवी धरायला लावा. मनात दहा मोजेपर्यंत टो खाली झुकला, की दुसरी दाखवा म्हणा. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू द्या. एकाच नंबरच्या तीन बॅटी घेतल्या तर तिन्ही वेगळ्या भरतात, लाकूड आहे ते.

सुताराकडून करून घेत असाल तर लाकडाचाच प्रश्न मोठा. विलो हलकं अन् मार खाणारं लाकूड आहे, सागवान त्याच्याहून बरंच जड, अन् बाभूळ तर सागवानाहूनही. बाभळीची बॅट टिकते खूप पण पोराच्या हातात ती मोगरीच. करायचीच असेल तर सुताराला सांगा की मागून खालच्या अर्ध्या भागातून रंधा जास्त मार, वर नको मारू. प्रत्येक छिलक्याचा फायदा तिथंच जास्त आहे, फक्त बॉल लागते तिथं लाकूड इतकंही पातळ नको की तडा जाईल.

अन् घरात मोठी बॅट आलीच आहे, नवीन घ्यायला पैसे नाहीत, तर टोच्या बाजूनं दीड-दोन इंच कापता येते. सगळ्यात दूरचं लाकूड जाते म्हणून पिकअपमध्ये लगेच फरक पडतो, स्ट्रोक मात्र टोच्या जवळ येतो. हँडल कापू नका, दोन हातांची जागा राहत नाही. कापलेल्या तोंडावर फेव्हिकॉलचे दोन-तीन हात देऊन पुरतं वाळू द्या, तिथं लाकडाच्या नळ्या उघड्या पडलेल्या असतात, नाहीतर थंडीच्या दवात बॅट रात्री बाहेर राहिली की टो पाणी पिऊन फुगतो.