शर्यतीचा अंदाज : तीनशे वर्षांची पार्श्वभूमी

रेसच्या दिवशी सकाळी छापलेला अंदाज दिसायला साधा असतो. घोड्याचं नाव, जॉकी, ट्रेनर, पाठीवरचं वजन, ड्रॉ (सुरुवातीला उभं राहण्याची जागा), मागच्या धावांचे आकडे आणि शेवटी दोन-तीन पसंतीची नावं. मात्र हे सगळे रकाने एकदम आलेले नाहीत. कोण जिंकेल हे ओळखू पाहणारे आणि ते ओळखता येऊ नये म्हणून झटणारे, या दोघांच्या चुरशीतून ते एकेक करून जमा होत गेले. अंदाज नीट वाचायचा असेल तर ही चुरस माहीत असायला हवी.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधली शर्यत म्हणजे बहुधा दोन मालकांमधली पैज, नाहीतर चार-चार मैलांच्या फेऱ्या. तेच घोडे एकाच दिवशी दोन-तीनदा पळत आणि पहिली फेरी पाहून लोक दुसरीवर पैसे लावत. ३ मे १७६९ रोजी एप्समला एक्लिप्स नावाच्या घोड्याने पहिली फेरी सहज मारली, तेव्हा डेनिस ओ'केली याने पुढच्या फेरीचा सगळा क्रमच सांगण्याची पैज घेतली. त्याचं भाकीत होतं : एक्लिप्स पहिला, बाकीचे कुठेच नाहीत. विजेत्यापेक्षा ठरावीक अंतराहून जास्त मागे राहिलेल्या घोड्याला त्या काळी क्रमांकच मिळत नसे. एक्लिप्सने सगळ्यांना त्या अंतराच्या बाहेर टाकलं आणि ओ'केली पैज जिंकला. रेसच्या इतिहासातला हा सर्वांत गाजलेला अंदाज, आणि त्यामागे नुकत्याच डोळ्यांनी पाहिलेल्या एका फेरीखेरीज काही नव्हतं.

डोळ्यांची जागा कागदाने घ्यायला आधीच सुरुवात झाली होती. जॉन चेनी याने १७२७ मध्ये देशभरातल्या शर्यतींचे निकाल गोळा करून वार्षिक यादी छापली. १७७३ मध्ये जेम्स वेदर्बी याचं रेसिंग कॅलेंडर आलं, १७९१ मध्ये वंशावळीची नोंदवही आली. तोवर कुठला घोडा कुठे कसा पळाला हे मोतद्दारांच्या आणि मालकांच्या डोक्यात असे. आता मैदानापासून शंभर मैलांवर बसलेला माणूसही दोन घोड्यांची तुलना करू लागला. माझ्या मते अंदाजशास्त्राचा खरा जन्म इथे आहे.

त्याच १७९१ साली अ‍ॅस्कॉटला ओटलंड्स ही मोठी हँडिकॅप शर्यत झाली आणि राजपुत्राच्या मालकीचा बॅरोनेट हा घोडा जिंकला. हँडिकॅपचं तत्त्व असं की चांगल्या घोड्यावर जास्त वजन, कमकुवतावर कमी, म्हणजे कागदावर सगळे एकाच वेळी पोहोचायला हवेत. नोंदी वाचून विजेता ओळखणाऱ्याची वाट त्याच नोंदी वापरून अडवली गेली.

हे काम शिस्तीत बसवलं ते अ‍ॅडमिरल हेन्री रूस याने. वयानुसार वजनाचं कोष्टक त्याने तयार केलं आणि १८५५ मध्ये तो अधिकृत हँडिकॅपर झाला. त्याची पारख १८५१ मध्येच दिसली होती. आदल्या वर्षी व्होल्टिजर नावाच्या घोड्याने अजिंक्य मानल्या जाणाऱ्या फ्लाइंग डचमन या घोड्याला डॉनकास्टरला हरवलं होतं. यॉर्कला दोघांची पुन्हा गाठ ठरली आणि वजनं रूसने लावली : वयाने मोठ्या डचमनवर साडेआठ पाउंड जादा. डचमन जिंकला, तो एका लांबीने, म्हणजे एका घोड्याच्या शरीराएवढ्या अंतराने. दोन मैल पळून एवढाच फरक, म्हणजे वजनं किती नेमकी लागली होती ते पाहा.

अंदाज लिहिणारा आजही याच हिशेबाशी झगडतो. मैलभराच्या शर्यतीत एक लांबी म्हणजे ढोबळमानाने दोन पाउंड, पाच फर्लांगांत तीन. समजा, एका घोड्याने दुसऱ्याला मैलावर समान वजनात दोन लांबींनी हरवलं. पुढच्या गाठीला विजेत्यावर चार पाउंड जास्त आले की दोघे कागदावर बरोबरीत येतात. मग प्रश्न उरतो तो वजनात न मावणाऱ्या गोष्टींचा : विजेत्याला शेवटी जॉकीने आवरतं घेतलं होतं का, हरलेला वळणावर कोंडला होता का, तेव्हा ओलं असलेलं मैदान आज कोरडं आहे का. ज्या अंदाजात यातलं काहीच नाही, नुसतं नाव आहे, त्याला मी अंदाज म्हणत नाही.

अमेरिकेत १८९४ मध्ये शिकागोला डेली रेसिंग फॉर्म हे वृत्तपत्र निघालं आणि प्रत्येक घोड्याच्या मागच्या धावांचा तपशील सामान्य प्रेक्षकाच्या हातात आला. पण सर्वांच्या हातात एकच माहिती आली की तिचा फायदा उरत नाही, म्हणून जाणकार दुसरीकडे वळले. इंग्लंडमधली मैदानं चढउतारांची, त्यामुळे तिथे वेळ मोजून उपयोग नाही, अशी समजूत रूढ होती. गणित शिकलेल्या फिल बुल याने ती मोडली. मैदान, अंतर आणि वजन यांचा हिशेब करून त्याने घड्याळाला बोलतं केलं आणि १९४८ मध्ये टाइमफॉर्म ही घोड्यांची कुवत मोजणारी संस्था सुरू केली. प्रत्येक घोड्याची कुवत पाउंडांतल्या एका आकड्यात मांडण्याची त्यांची रीत अजून चालू आहे. फ्रँकेल या घोड्याला मिळालेला १४७ हा त्यांचा सपाट (अडथळे नसलेल्या) शर्यतींतला उच्चांक.

वॉशिंग्टनचा पत्रकार अँड्र्यू बायर याने १९७५ च्या आपल्या पुस्तकातून हीच दिशा पुढे नेली. दोन दिवशी लागलेली सारखी वेळ सारखी नसते, कारण धावपट्टी कधी जलद असते, कधी मंद. त्या दर्जाच्या घोड्यांकडून अपेक्षित वेळ किती आणि त्या दिवशी प्रत्यक्षात लागली किती, हा फरक काढून तो प्रत्येक धावेचा आकडा दुरुस्त करी. १९९२ पासून डेली रेसिंग फॉर्म हे आकडे छापू लागलं आणि बायरची वैयक्तिक आघाडी तिथेच आटली.

दरम्यान भाव, म्हणजे घोडा जिंकला तर लावलेल्या पैशावर किती मिळतील ते, ठरवण्याची पद्धतही बदलली होती. जोसेफ ओलेरने पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकात अशी योजना आणली की सगळ्यांचे पैसे एकत्र करून, आयोजकाचा वाटा काढून, उरलेले विजेत्यांत वाटायचे. जॉर्ज ज्युलियसच्या यंत्राने १९१३ मध्ये ऑकलंडला ही बेरीज गर्दीसमोर करून दाखवली. आता भाव म्हणजे जमावाचं मत झालं, आणि ते मत बरंच शहाणं निघालं. फेव्हरिट, म्हणजे सर्वांत जास्त पैसे लागलेले घोडे साधारण तीनातली एक शर्यत जिंकतात. तरी त्यात एक खोट आहे, ती मानसशास्त्रज्ञ ग्रिफिथ याने १९४९ मध्ये दाखवली : लांबच्या भावाच्या, म्हणजे जिंकण्याची आशा कमी असलेल्या घोड्यांवर लोक त्यांच्या कुवतीपेक्षा जास्त पैसे लावतात, फेव्हरिटवर कमी.

जमावाच्या भावातल्या चुकांचा पद्धतशीर उपयोग हाँगकाँगला झाला. बोल्टन आणि चॅपमन या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेल्या संख्याशास्त्रीय प्रारूपावर तिथे पैजा लावणाऱ्या बिल बेंटर याने आपलं प्रारूप उभं केलं आणि १९९४ मध्ये ते कसं चालतं ते प्रसिद्धही केलं. संगणकाचा अंदाज आणि जमावाचा भाव, यांपैकी एकटं कुठलंच पुरेसं नव्हतं. दोन्ही एकत्र केल्यावर मात्र अंदाज भावाच्याही पुढे गेला. तेव्हापासून गंभीरपणे लिहिणाऱ्याला घोडा जिंकेल का एवढं सांगून भागत नाही. त्याची जिंकण्याची शक्यता फलकावरच्या भावापेक्षा जास्त आहे की कमी, तेही सांगावं लागतं, आणि दिवसभराच्या शर्यतींतल्या काहींपुढे लावण्याजोगं काही नाही, असंही लिहावं लागतं.