कडी आतून की बाहेरून? एकांत आणि एकाकीपणा

बदली होऊन मी एका तालुक्याच्या गावी राहायला गेले तेव्हा चौतीस वर्षांची होते. आई नगरला, भाऊ परदेशी, माझं लग्न झालेलं नाही. गावात ख्रिस्ती घरं मोजून सहा. रविवारची उपासना संपली की पाच मिनिटांत चर्चचं आवार रिकामं व्हायचं, कारण प्रत्येकाच्या घरी जेवायला कोणीतरी खोळंबलेलं असायचं. तीन-चार महिने असे काढल्यावर मी चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंना धीर करून म्हटलं, "मावशी, फार एकटं वाटतं हो." त्यांनी मायेनं माझा हात धरला. म्हणाल्या, "प्रभू आहे ना गं बरोबर? पहाटे अर्धा तास जास्त बस प्रार्थनेला."

मी बसले. पहाटे साडेचारला उठून स्तोत्रं वाचली, गुडघे टेकले. प्रार्थना गोड लागायची, ते खोटं नाही. पण 'आमेन' म्हणून डोळे उघडले की तीच खोली, तोच एक कप, आणि दिवसभर कामापुरतं बोलणं. वर आणखी एक ओझं येऊन बसलं. इतकी प्रार्थना करूनही एकटं वाटतंय, म्हणजे माझा विश्वासच उणा असणार.

मावशींनी मला औषध दिलं ते खरंखुरं होतं, फक्त माझा आजार निराळा होता. मला एकाकीपणा होता आणि त्यांनी त्यावर आणखी एकांत दिला. आपल्या मंडळ्यांमध्ये हे फार होतं, आणि बायकांच्या बाबतीत जास्त होतं. म्हणून या दोन गोष्टी शेजारी ठेवून नीट पाहाव्यात असं मला वाटतं.

बाहेरून त्या हुबेहूब सारख्या दिसतात. एक खोली, एक बाई, शांतता. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो की आपल्या खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तवासी पित्याची प्रार्थना कर. इथे दार लावणारी मी आहे. कडी आतून आहे, मनात येईल तेव्हा ती काढून मी बाहेर येईन आणि बाहेर माणसं असतील. एकाकीपणात दार कोणी लावलं तेही कधी कधी कळत नाही. कडी बाहेरून असते.

मार्काच्या पहिल्या अध्यायात याची एक खूण सापडते. संध्याकाळी कफर्णहूमात सगळं गाव दाराशी लोटलेलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच येशू उठून एकांत ठिकाणी प्रार्थनेला गेला. मागोमाग शिमोन आणि त्याचे सोबती आले आणि म्हणाले की सगळे तुम्हाला शोधत आहेत. हे वाक्य मी कितीतरी वर्षं नुसतं वाचून पुढे गेले होते. एकांतात गेलेल्या माणसाला कोणीतरी शोधत असतं! एकाकी बाई सकाळी उठली नाही तर दुपारपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. तिला 'एकांतात जा' म्हणण्यात काय अर्थ आहे?

आणि तोच येशू अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत पेत्राला आणि जब्दीच्या दोघा मुलांना बरोबर घेऊन गेला, माझ्याबरोबर जागे राहा म्हणाला. ते झोपले याचं त्याला वाईट वाटलं. पित्याशी बोलायलाच तो तिथे गेला होता, तरी दगडाच्या टप्प्यावर आपली तीन माणसं असावीत असं त्याला वाटलं. मग "प्रभू असताना तुला माणसं कशाला हवीत?" असं आपण एकमेकींना कुठल्या तोंडानं विचारतो? उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्य एकटा असावा हे बरं नाही असं देव म्हणतो, ते पाप जगात येण्याच्या आधी. बागेत देव होता, काही बिघडलेलं नव्हतं, आणि तरीही ते बरं नव्हतं. हे वचन आपण फक्त लग्नाच्या उपदेशासाठी राखून ठेवलंय. अविवाहित आणि विधवा बायकांच्या वाट्याला ते येतच नाही.

आता जुन्या करारातला संदेष्टा एलीया. कर्मेल डोंगरावर बाल दैवताच्या संदेष्ट्यांना हरवण्याचा एवढा मोठा प्रसंग घडून गेला, राणी ईजबेलीनं जिवावर उठल्याचा निरोप पाठवला आणि तो पळाला. बैर-शेबाला त्यानं आपल्या सेवकाला मागे ठेवलं आणि एक दिवसाची वाट एकटाच रानात गेला. रतामाच्या झुडपाखाली बसून त्यानं मरण मागितलं. वरवर पाहिलं तर हा एकांतच. रान आहे, शांतता आहे, देवाशी बोलणंही चालू आहे. पण होरेब डोंगरावर तो दोनदा तेच म्हणतो, की मी एकटाच उरलो आहे. खरं तर राजवाड्याचा कारभारी ओबद्या यानं परमेश्वराचे शंभर संदेष्टे गुहांमध्ये लपवल्याचं त्याला आधीच सांगितलं होतं. एलीयाला ते ठाऊक होतं, पण त्या झुडपाखाली ते त्याला आठवेना.

एकाकीपणाचं हे लक्षण मला स्वतःच्या अनुभवानं पटलं आहे. तो असलेली माणसंही दिसू देत नाही. रूथच्या पुस्तकातली नामी मवाबातून बेथलेहेमात परतली तेव्हा गावच्या बायकांना म्हणाली, मला 'मारा' म्हणजे 'कडू' या नावानं हाक मारा, मी भरलेली गेले आणि परमेश्वरानं मला रिकामी परत आणलं. हे ती म्हणत होती तेव्हा सून रूथ तिच्या शेजारी उभी होती. 'तुमचा देव तो माझा देव' म्हणून सगळं सोडून आलेली सून शेजारी, आणि सासू म्हणते मी रिकामी! नामीला मी नावं ठेवत नाही. नवरा आणि दोन मुलगे मातीत ठेवून आलेल्या बाईला तसंच वाटणार.

देवानं एलीयाला काय दिलं ते क्रमानं पाहण्यासारखं आहे. आधी झोप. मग निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई, दोनदा. उपदेश नाही. होरेबावर त्याचं गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि शेवटी त्याला माणसांत परत पाठवलं. बाल दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार इस्राएलात आहेत हे सांगितलं, आणि त्याच्या जागी येणाऱ्या संदेष्ट्याचं एक नाव हातात दिलं, अलीशा. तिथून उतरल्यावर एलीयाला अलीशा शेत नांगरताना भेटला. त्या अध्यायातली देवाची 'मंद वाणी' आपण फार आवडीनं सांगतो, पण त्या वाणीनं एलीयाला गुहेत ठेवून घेतलं नाही.

आपल्याकडची दोन उदाहरणं मला या संदर्भात नेहमी आठवतात. रेव्ह. ना. वा. टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची तिशीही आली नव्हती, मुलगा दत्तू लहान होता. त्यानंतरची काही वर्षं त्यांनी नातेवाइकांच्या आश्रयानं काढली. भोवती माणसं भरपूर होती. पण नवरा जिवंत असून परका झालेला, हे दुःख ज्याच्यापाशी उतरवावं असं कोण होतं? पुढे त्या टिळकांकडे आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. भरल्या घरातला एकाकीपणा म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं क्वचितच कोणाला माहीत असेल.

पंडिता रमाबाईंचं उलट. आईवडील दुष्काळात गेले, भाऊ १८८० मध्ये, नवरा १८८२ मध्ये. लहानग्या लेकीला, मनोरमेला घेऊन परक्या देशात गेलेल्या या बाईनं १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. एकाकी होण्याची सगळी कारणं त्यांच्यापाशी होती. मग १८८९ मध्ये मुंबईला शारदा सदन, आणि पुढे केडगावचं मुक्ती मिशन, जिथे दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि बायका राहिल्या. एवढ्या गजबजाटात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्याचं काम आयुष्याच्या अखेरपर्यंत केलं. ते काम एकांताशिवाय होत नाही. पण तो एकांत भरल्या अंगणाच्या कडेचा होता. मला तर वाटतं, त्यांना तो पेलला याचं कारण ते अंगणच.

कार्मेल संघाच्या मठात राहणाऱ्या सिस्टर्स दिवसाचा बराचसा वेळ मौनात घालवतात, हे वसईच्या आणि गोव्याच्या कॅथलिक वाचकांना सांगायला नको. पण त्या मठांची घडी सोळाव्या शतकात बसवणाऱ्या आविलाच्या संत तेरेसांनी रोज मोकळ्या गप्पांचीही वेळ ठरवून दिली होती. एकांत ज्यांनी इतका कडक पाळला, त्यांनीच गप्पांना दिनक्रमात जागा दिली. तुकोबांनाही एकांताचा वास रुचला, पण तिथेही वृक्षवेलींना त्यांनी सोयरे म्हटलंच.

मग आपल्या मंडळीत कडी बाहेरून लागलेल्या बायका कोण? दूरच्या मिशन हॉस्पिटलात नोकरी करणारी आणि रविवारीही ड्यूटी असलेली नर्स. सासरी एकटीच ख्रिस्ती असलेली, मोबाईलवर आवाज बारीक करून भजन ऐकणारी सून. चाळिशी ओलांडलेली अविवाहित मुलगी, जिच्यासाठी दर प्रार्थनासभेत 'योग्य जोडीदार' मागितला जातो आणि जिला जेवायला मात्र कोणी बोलावत नाही. महिला मंडळाची सभा दुपारी तीनला असते, म्हणून नोकरी करणाऱ्या बायका तिथे कधी येतच नाहीत.

आणि पाळकीणबाई, म्हणजे चर्चच्या पाळकांची पत्नी. त्यांच्याबद्दल मला थांबून बोलायचं आहे. सगळ्या मंडळीची दुःखं त्यांच्या स्वयंपाकघरात येतात. त्यांचं स्वतःचं दुःख त्या कुणाला सांगणार? मंडळीतल्या एकीला सांगितलं तर रविवारपर्यंत सगळ्यांना कळणार. नवऱ्याला सांगावं तर तो आधीच दहा घरांचं ओझं घेऊन आलेला. दर काही वर्षांनी बदली, नवं गाव, पुन्हा सगळ्यांशी सारखंच अंतर राखायचं. त्यांच्याभोवती कधीच रिकामं नसतं, म्हणून त्या एकाकी असतील अशी शंकाही कोणाला येत नाही. एकांत मात्र त्यांना क्षणभर मिळत नाही. म्हणजे दोन्हीकडून उपास. अशा बाईला दोन्ही द्यावं लागतं. दुपारचे दोन तास कोणी दार वाजवू नये, आणि मंडळीबाहेरची एखादी मैत्रीण असावी.

स्वतःपुरतं ओळखायचं कसं? मी एक साधी कसोटी वापरते. एकटी बसून उठल्यावर माणसांकडे जावंसं वाटलं, कोणाची आठवण होऊन फोन उचलला, तर तो एकांत होता. उठल्यावर माणसांची धास्ती वाटली, आपलं कोणाला काय पडलंय असं वाटलं, तर तो एकाकीपणा, मग हातात बायबल का असेना. एकांताची गरज असलेली बाई चिडचिडते, तिला घर अंगावर येतं. एकाकी बाई हळूहळू गप्प होते. तिचं चर्चला येणं चुकत नाही, म्हणून आपल्याला कळतही नाही.

एक तिसरी गोष्टही यांत मिसळते. झोप उडते किंवा झोपच झोप लागते, अन्न गोड लागत नाही, आवडती माणसं समोर असूनही काही वाटत नाही, जगणं नको होतं, आणि हे आठवडे चालतं. ते नैराश्य असू शकतं, आणि त्याला डॉक्टर लागतो. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. तिथे फोन करणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे. एकाकीपणाही नुसता मनाचा खेळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला तो जाणवतो, आणि हृदयविकार व पक्षाघाताचा धोकाही त्यानं वाढतो.

लूकच्या पहिल्या अध्यायात दोन्ही गोष्टी एकाच उंबऱ्यावर भेटतात. उतारवयात गरोदर राहिलेली अलीशिबा पाच महिने एकांतात राहिली होती. घरात नवरा जखऱ्या होता, पण त्याची वाचा गेलेली. सहाव्या महिन्यात तिची नातलग, येशूची आई होणारी मरीया गालीलातून यहूदाच्या डोंगराळ प्रदेशात लगबगीनं आली. लग्नाआधीच पोटी देवाचं मूल असल्याचं नाझरेथात समजून कोण घेणार होतं? तिनं नुसता नमस्कार केला आणि अलीशिबेनं न सांगता सगळं ओळखलं. एकीचा एकांत उघडला, दुसरीचा एकाकीपणा सरला. मरीया तिथे तीनेक महिने राहिली. ती आपल्या पायांनी चालत गेली, हेही मला महत्त्वाचं वाटतं. कोणी बोलावील याची वाट तिनं पाहिली नाही.

मीही वर्षभरानं तेच केलं. मावशींकडे पुन्हा गेले आणि 'एकटं वाटतं' असं मोघम न सांगता सरळ विचारलं, "गुरुवारी रात्री तुमच्याकडे जेवायला येऊ का? भाजी मी आणते." त्या क्षणभर बघत राहिल्या. म्हणाल्या, "ये की. काका गेल्यापासून मी रात्रीची चूल पेटवतच नाही, दूध पिऊन झोपते." मला प्रार्थना वाढवायला सांगणारी बाई स्वतः सात वर्षं तेच औषध घेत होती.

आता गुरुवारी आम्ही पाचजणी असतो. भाकरी मावशींच्या, कालवण जिची पाळी तिचं. जेवणं झाली की एक भजन आणि छोटी प्रार्थना, साडेनऊला सगळ्या घरी. महिन्यातून एकदा शेजारच्या गावच्या पाळकीणबाई येतात. त्यांना आम्ही प्रार्थना चालवायला सांगत नाही. त्या येतात आणि गरम गरम जेवतात.